१० मिमी सैनिकांना शोभेल अशी वाफेची आगगाडी हवी आहे (सुदान, १८९७)

लोकोशेड_भुसावळ

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. मी, जळगावचा एक मित्र आणि चाळीसगावचा एक असे आम्ही तिघं गेली चार वर्षं टेबलावर जुन्या लढाया खेळतो. सहा बाय चार फुटांचं प्लायवूड, १० मिमी उंचीचे सैनिक, फासे आणि मोजपट्टी. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्याला संपतो, कारण खेळायची खोली गच्चीवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये तिथे माणूस बसू शकत नाही.

यंदा इंग्रज सेनापती किचनरची सुदान मोहीम घेतली आहे. वाडी हाल्फापासून अबू हामेदपर्यंत नाईल मोठं वळण घेते. ते वळण टाळण्यासाठी इंग्रजांनी सरळ वाळवंटातून रूळ टाकले. १ जानेवारी १८९७ ला काम सुरू झालं आणि ३१ ऑक्टोबरला गाडी अबू हामेदला पोचली. सुमारे ३७० किलोमीटर, दहा महिन्यांत. काम पाहणारा जिरुआर्ड हा कॅनडातून आलेला तरुण लष्करी इंजिनिअर होता. मला या मोहिमेत तोफांपेक्षा ही लाइनच मोठी वाटते. पुढे १८९८ मध्ये मेलिक, शेख आणि सुलतान या गनबोटी तुकड्या-तुकड्यांत याच रुळांवरून नेल्या आणि नदीकाठी जोडल्या. अशी मोहीम खेळायची आणि टेबलावर गाडीच्या जागी काडेपेटी ठेवायची, हे मला पटत नाही.

दुसरं कारण घरातलं आहे. माझे वडील सत्तरच्या दशकात भुसावळ शेडला फायरमन म्हणून लागले, पुढे ड्रायव्हर झाले. आता शहात्तर वर्षांचे आहेत. आम्ही खेळतो तेव्हा ते खुर्ची घेऊन शेजारी बसतात. लढाईत त्यांना फारसा रस नसतो, पण टेबलावर इंजिन येणार म्हटल्यावर रोज विचारतात, "आलं का रे?"

आतापर्यंत दोनदा फसलो. आधी एका दुकानातून घाईघाईने ओओ मापाचं इंजिन मागवलं, म्हणजे १:७६ चं. देखणं होतं, पण आमचा शिपाई त्याच्या चाकाजवळ उभा केला तर त्याचं डोकं जेमतेम आसाच्या वर येत होतं. वडिलांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "हा माणूस यात चढणार कसा?" दुसऱ्यांदा ओळखीच्या मुलाकडून थ्रीडी प्रिंट काढून घेतली. इंजिन आणि मालाच्या चार वाघिणी. रंगवून झाल्या, मित्राला दाखवायला म्हणून स्कूटरच्या डिकीत ठेवल्या आणि जळगावला पोचेपर्यंत बॉयलर केळ्यासारखा वाकला. मे महिना होता. प्रिंटमधलं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे मला तेव्हा कळलं.

आता विचारतो: १० मिमी सैनिकांना नेमक्या कोणत्या मापाची गाडी घ्यावी? रेल्वे मॉडेलांच्या मापांतलं एन (१:१६० च्या आसपास) की त्याहून लहान झेड (१:२२०)? ती चालणारी असावी की नुसती उभी? आणि १८९७ च्या वाळवंटात खपेल असं इंजिन तयार मिळतं का, की कापाकापी करावी लागेल? हत्यारं आहेत, सोल्डरिंग येतं, घाई नाही.

---

मोजपट्टी (जळगाव)

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी मापं एकत्र झाली आहेत. ती वेगळी केली की निम्मं काम होतं. एक आहे स्केल, म्हणजे खऱ्या वस्तूच्या मानाने मॉडेल किती पटीने लहान. दुसरं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. दुकानातल्या डब्यावर दोन्ही एकाच अक्षराच्या नावाखाली येतात, आणि ते युरोपातल्या १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा हिशोब धरून ठरवलेले असतात. तुमची लाइन स्टँडर्ड गेज नाही. किचनरने साडेतीन फुटी गेज घेतलं, म्हणजे १०६७ मिमी, आणि सुरुवातीची काही इंजिनं दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीसाठी बांधलेली होती, ती उसनी मिळाली.

आता हिशोब करू. १० मिमी सैनिक म्हणजे ढोबळमानाने १:१५० ते १:१६०. मी १:१६० धरतो.

१०६७ भागिले १६० बरोबर ६.७ मिमी. झेड गेजचे रूळ ६.५ मिमीचे असतात. म्हणजे सुदानसाठी तुम्हाला झेडचे रूळ आणि एनचं शरीर पाहिजे. हे जुळणं योगायोगाचं आहे, पण फार उपयोगी आहे. मीटर गेजच्या शौकिनांना ते चांगलं माहीत असतं, कारण १००० भागिले १६० म्हणजे ६.२५, तेही झेडच्या रुळांवर बसतं.

झेडचं अख्खं इंजिन घेऊ नका. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १९७२ ला झेड काढलं तेव्हापासून त्यांचं ०-६-० चं, म्हणजे सहा चाकांचं छोटं टँक इंजिन (पाण्याची टाकी इंजिनावरच असलेलं) आहे. यंत्र सुरेख, पण शरीर १:२२० चं. केबिनचं दार खऱ्यात १.९ मीटर धरलं तर १:२२० मध्ये ते साडेआठ मिमी होतं. तुमचा शिपाई वाकून आत जाईल. वडिलांचा प्रश्न पुन्हा तोच येईल. चासी तेवढी झेडची घ्या, वरचं शरीर पितळी पत्र्याचं किंवा स्टायरीन प्लास्टिकचं नवं चढवा.

कुणी ६ मिमी सैनिक सुचवील तर त्यांचा हिशोब आणखी अवघड आहे. ते १:३०० च्या आसपास असतात. झेड त्यांना तिसऱ्या हिश्श्याने मोठं पडतं आणि १:४५० चं टी गेज तितकंच लहान. मधल्या मापाचं तयार काही मी पाहिलेलं नाही. १५ मिमीवाल्यांचं मात्र भाग्य आहे. १:१०० ला आपलं भारतीय ब्रॉडगेज, १६७६ मिमी, १६.८ वर येतं आणि ओओ-एचओचे रूळ साडेसोळाचे. तुमचं ते ओओ इंजिन परत केलं नसेल आणि सोबत रूळ असतील तर ते जपून ठेवा. कधी १५ मिमीत १८५७ चा हावडा-राणीगंज मार्ग करायचा झाला तर कामाला येतील. 'फेअरी क्वीन' हे इंजिन त्या वर्षी त्याच मार्गावर सैन्य वाहत होतं.

---

पीजे_प्रवासी (जामनेर)

मी या खेळातला नाही. रेल्वेची मॉडेलं करतो, तीही फक्त नॅरोगेजची. पाचोरा-जामनेर लाइन अडीच फुटी, ५६ किलोमीटरची. लहानपणी मी रोज पीजेने शाळेत गेलो. कोरोनात ती थांबली. त्यानंतर मी तिची मॉडेलं करायला लागलो, म्हणून इथे लिहायचा हक्क आहे असं समजतो.

माझं मत: गाडी चालणारी करू नका. मोजपट्टींचा हिशोब बरोबर आहे, पण झेडची चासी महाग असते आणि तिला धूळ चालत नाही. टेबलावर वाळू, रांगोळी, फासे पडलेले असतात. आठ दिवसांत चाकांत वाळू जाईल. तुमच्या डावात गाडी एका पाळीत फार तर वीतभर सरकणार, ती हाताने सरकवता येते. हाताने सरकवायची तर रूळसुद्धा विकत घ्यायचे कारण नाही. मग गेज तुम्ही ठरवाल ते. ६.७ मिमी म्हणजे ६.७ मिमी.

मी करतो ते सांगतो. दोन मिमी एमडीएफच्या पट्टीवर काडेपेटीच्या काड्या उभ्या चिरून स्लीपर. वर सायकलच्या ब्रेकची तार ताणून चिकटवायची, दोन्ही टोकांना खिळा. खडीला राखाडी रांगोळी चाळून, तिच्यावर पाणी घातलेला फेविकॉल थेंब-थेंब. वाळवंटात खडी फारशी दिसू नये, तेव्हा पांढऱ्या रांगोळीत थोडा गेरू मिसळा. वाळूचा दाणा या मापाला दगड दिसतो, तापीची बारीक वाळूसुद्धा. रांगोळीच बरी.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमचे सैनिक बेसवर चिकटवलेले असतात. बेस दोन-अडीच मिमी जाड, त्यावर रंग, गवत. म्हणजे सगळं सैन्य जमिनीपासून तीन मिमी वर उभं आहे, खऱ्या हिशोबात अर्धा मीटर. गाडी थेट टेबलावर ठेवली तर ती खड्ड्यात गेल्यासारखी दिसते. रुळाची पट्टी खडीसकट चार-पाच मिमी उंच करा, मग गाडीच्या पायऱ्या आणि माणसाचे पाय जुळतील.

पीएलए सोडा. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद डिकीत काहीही वितळतं. पुठ्ठा चालेल, पितळ चालेल, एबीएसही निभावतं.

---

लोकोशेड_भुसावळ

मोजपट्टी, पीजे, दोघांचे मनापासून आभार. बेसच्या उंचीचं मला कधीच सुचलं नसतं. आत्ताच एक सैनिक आणि पट्टी घेऊन पाहिलं, फरक लगेच कळतो.

पण पीजेदादा, चालणाऱ्या गाडीबद्दल माझं मन अजून मानत नाही. वडिलांना ती हलताना पाहायची आहे.

---

पांझराकाठ (धुळे)

मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. १० मिमीतच खेळतो, माझे बहुतेक सैनिक पेंड्राकेन कंपनीचे आहेत. माझी सूचना जरा वेगळी आहे: इंजिन बदलण्यापेक्षा मोहीम बदला.

१८९७ च्या बारा वर्षं आधी इंग्रजांनी सुदानमध्ये आणखी एक लाइन टाकायला घेतली होती. तांबड्या समुद्रावरचं सुआकिन बंदर ते नाईलवरचं बर्बर. जानेवारी १८८५ मध्ये सुदानची राजधानी खार्टूम पडलं, तिथला इंग्रज गव्हर्नर-जनरल गॉर्डन मारला गेला, आणि त्यानंतर जनरल ग्रॅहमची फौज सुआकिनला उतरली. तिच्याबरोबर लुकास आणि एअर्ड हे इंग्लंडमधले ठेकेदार रूळ, इंजिनं आणि मजूर घेऊन आले. लाइन जेमतेम तीसएक किलोमीटर झाली आणि मे महिन्यात लंडनने मोहीमच गुंडाळली. आता तुमच्या कामाची गोष्ट: ही लाइन स्टँडर्ड गेज होती. १४३५ भागिले १६०, मोजपट्टींनी करून पाहावं, ८.९७ येतं. एन गेजचे रूळ नऊ मिमी. काही कापायला नको, तयार एन गेजचं छोटं टँक इंजिन सरळ रुळावर ठेवा.

आणि या मोहिमेत आपली माणसं आहेत. २२ मार्च १८८५ ला तोफ्रेकला काटेरी झुडपांचा झरीबा, म्हणजे तळाभोवतीचं कुंपण, अर्धवट झाला असताना तिथल्या बेजा जमातीचे योद्धे झाडीतून अचानक आले. त्या दिवशी तिथे १५ वी शीख, १७ वी बंगाल आणि २८ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती. मुंबई इलाख्याची ती पलटण जागेवर टिकून राहिली. आपल्या टेबलावर सुदान म्हटलं की सगळे किल्ट घातलेले स्कॉटिश हायलँडर रंगवतात. बॉम्बे पलटण रंगवणारा मला क्वचितच भेटतो.

बेजांची बाजूही तितक्याच मनापासून खेळायला हवी. त्यांचा पुढारी उस्मान दिग्ना, त्याच्या लोकांनी इंग्रजांचा चौकोन (चारही बाजूंनी तोंड करून उभं पायदळ) फोडला होता. झाडी दाट ठेवा, दिसणं कमी ठेवा, म्हणजे त्यांना न्याय मिळतो. रूळ उखडणं आणि स्लीपर पळवणं हे त्यांच्या बाजूने डावात असायलाच हवं.

खान्देशातलाच डाव कुणाला करावासा वाटला तर आधीच सांगतो. ११ एप्रिल १८५८ ची आंबापाणीची लढाई, खाज्या नाईक आणि भीमा नाईकांची, त्यात गाडी ठेवू नका. तेव्हा रेल्वे आपल्याकडे आलेली नव्हती. थळ घाट १८६५ ला खुला झाला. आंबापाणी सातपुड्याच्या डोंगरात, पायवाटांवर झाली. ती तशीच खेळावी.

---

मोजपट्टी (जळगाव)

करून पाहिलं, ८.९७ च. सर, मी हरलो, हे माझ्या उपायापेक्षा सरळ आहे.

इंजिनाबद्दल: ब्रिटिश एनमध्ये डॅपोल कंपनीचं 'टेरियर' हे मॉडेल निघालं होतं, जुन्या मालात अजूनही सापडतं. मूळ इंजिन १८७२ चं, इंजिनिअर स्ट्राउडलीने आखलेलं, ०-६-० टँक. म्हणजे १८८५ ला ते तेरा वर्षांचं, काळ जुळतो. हे नेमकं इंजिन सुआकिनला गेलं होतं असं मी म्हणत नाही, पण ठेकेदाराच्या छोट्या टँक इंजिनाची अंगलट तशीच. चाकं चार फुटी, मॉडेलमध्ये आठ मिमी. तुमचा शिपाई चाकापेक्षा उंच उभा राहील.

एक खोट सांगून ठेवतो. ब्रिटिश एन १:१४८ चं असतं, युरोपियन १:१६०. तुमच्या सैनिकांना १:१४८ उलट बरं पडेल, कारण धातूचे सैनिक जरा जाडच असतात.

गाडी लांब करू नका. टेरियर ५४ मिमी, चारचाकी वाघीण चाळीसच्या आसपास. इंजिन आणि पाच वाघिणी म्हणजे पाव मीटर. तुमच्या डावात एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर असतील तर ही गाडी अडीचशे मीटरची झाली आणि निम्मी फौज तिच्याआड लपेल. इंजिन, एक पाण्याची वाघीण, दोन उघड्या. बस्स. पेको कंपनीचे वाघिणींचे जोडसंच मिळतात, ते पुरतील.

---

पीजे_प्रवासी (जामनेर)

चालवायचीच असेल तर एन झेडपेक्षा दणकट, तेवढं मान्य. पण खेळ संपला की चाकं पुसायची, रुळांवर कापडाचा हात फिरवायचा. आणि टेरियरचा इंग्रजी चकचकीत पिवळा रंग ठेवू नका. वर ऊन अडवायला केबिनचं छत मागे लांबवा, पत्र्याचा तुकडा पुरे. धुराडं थोडं उंच. समोर मोठा कंदील. एवढ्याने इंजिन इंग्लंडमधून निघून बंदरावर येतं.

---

लोकोशेड_भुसावळ

महिन्याने लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. सुआकिन नक्की केलं. किचनरची लाइन पुढच्या हंगामाला, तेव्हा झेडची चासी आणि पितळी शरीर करणार आहे, मोजपट्टींचा हिशोब वहीत उतरवून ठेवला आहे.

टेरियर एका संग्राहकाकडून वापरलेलं मिळालं. पुडकं उघडलं तेव्हा वडील शेजारी होते. त्यांनी भिंग घेतलं, दहा मिनिटं बोलले नाहीत. मग एक-एक विचारायला लागले. टाकीचं झाकण कुठे आहे? राख कुठून काढायची? सँडबॉक्स (चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर टाकायच्या वाळूची पेटी) आहे का? सगळं होतं. शिपाई केबिनच्या दाराशी धरून पाहिला, टोपीसकट आत गेला. तेव्हा ते म्हणाले, "हा चढंल."

नियमांत पाणी आणायचं त्यांनीच सुचवलं. मी इंजिनाला नुसता वेग दिला होता, पाळीला वीस सेंटिमीटर. ते म्हणाले, वाफेचं इंजिन वेगाने अडत नाही, पाण्याने अडतं. "पानी सरनं का इंजिन म्हंजे लोखंडनं मडकं." टँक इंजिनात पाणी थोडंच मावतं. पाणी तळाला गेलं तर फायरबॉक्सचा माथा उघडा पडतो, तापतो, आणि मग आग काढून टाकण्याशिवाय इलाज नसतो. सुआकिनला तर गोडं पाणी समुद्राचं पाणी उकळून करावं लागत होतं. म्हणून आता इंजिनाला पाण्याचे सहा मणी दिले आहेत. दर चालीला एक मणी जातो, उभं असतानाही वाफ धरून ठेवायला दोन पाळ्यांना एक. पाण्याची वाघीण शेजारी असेल आणि चार माणसं एक पाळी बादल्या घेऊन राबली तर तीन मणी परत. बेजांनी पाण्याची वाघीण फोडली तर इंजिनाला बंदराकडे परतावंच लागतं.

गेल्या रविवारी पहिला डाव झाला. चाळीसगावच्या मित्राने बेजा घेतले होते. त्याने गाडीवर हल्ला केलाच नाही, मागच्या वळणावर दोन फूट रूळ उखडले आणि झाडीत बसून राहिला. माझं इंजिन पुढे रूळ संपलेले, मागे रूळ उखडलेले, मण्यांत एक मणी, असं उभं. वडिलांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला सांगितलं, आग दाब, डँपर (आगीला हवा देणारी झडप) बंद कर, हलू नकोस, पलटणीला रूळ जोडायला पाठव. त्या एका मण्यावर तीन पाळ्या काढल्या. बॉम्बेच्या दोन तुकड्या गमावून रूळ जोडले आणि गाडी बाहेर काढली.

धुराड्याला आणि छताला काजळी वडिलांनीच लावली, पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळून. काजळी छताच्या पुढच्या कडेला जास्त बसते आणि टाकीच्या बाजूंवर पाण्याचे पांढरे ओघळ असतात, हे मला माहीत नव्हतं. फोटो उद्या टाकतो.

पांझराकाठ सर, एक विचारायचं राहिलं. २८ व्या पलटणीच्या पगडीचा रंग कोणता धरू? खाकी गणवेश रंगवून झाला आहे, चोवीस डोकी तशीच बाकी आहेत.